भीत भीत चालणारे डॉक्टर

सोमण डॉक्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्वतःचीच नाडी बघत होते. समोर माझी नणंद राजमती, तिच्या शेजारी मी, दाराशी आमचे हे, आणि हा माणूस खुर्चीत बसून दोन बोटं आपल्याच मनगटावर ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतोय. मनात म्हटलं, झालं! आम्ही आजारी माणूस घेऊन आलो आणि इथं डॉक्टरच आधी आजारी.

"जरा थांबा हं," ते म्हणाले. "धडधडतंय. नवीन पेशंट आला की होतं मला असं. उतरेल आत्ता."

आणि खरंच थांबले. मग बोटं काढून राजमतीकडे वळले.

लढाईचे दिवस होते ते. रॉकेल मिळायचं नाही, साखर मिळायची नाही, आणि मी लग्न होऊन नुकती त्या घरात आले होते. आमचं घर जैनांचं. ऊस आणि हळद पिकायची. सकाळी बैलगाडी जुंपली तर उन्हं तापायच्या आत सांगलीला पोचावं, एवढ्या अंतरावर गाव. सासरे नव्हते. सासूबाई, आमचे हे, सोळा वर्षांची राजमती आणि मी, एवढीच माणसं.

आमच्यात पाणी गाळून प्यायची रीत आहे. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं. फडक्याला डोळ्यांना न दिसणारे जीव लागले असतील, म्हणून ते फडकं थोड्या पाण्यात धुऊन ते पाणी पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडायचं. त्या पाण्याला जिवाणी म्हणतात. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे पाऊण तासभर चालतं, नंतर पुन्हा गाळायचं. आम्ही बायका हे लहानपणापासून करत आलो. हात काम करतात, तोंड गप्पा मारतं.

राजमतीचं मात्र कुठंतरी बिनसलं होतं. एकदा गाळून तिचं भागेना. फडकं विरलेलं असेल, जिवाणी विहिरीत न पडता कठड्यावर सांडली असेल, दोन घटका उलटून गेल्या असतील, असं काहीतरी तिच्या मनात यायचं आणि ती पुन्हा गाळायची, पुन्हा विहिरीकडे पळायची. कठड्यावर पोट टेकून आत बघत राहायची. आणि दिवसभर मला विचारायची, "वैनी, जीव मेला न्हाई न्हवं?" मी म्हणायची, "न्हाई गं बाई, सुखरूप गेला." पदराला हात पुसते न पुसते तोवर पुन्हा तोच प्रश्न.

आता सांगायला लाज वाटते असं काही नाही, पण राग येतो तो याचा, की घरात कुणालाच हा आजार वाटला नाही. उलट सासूबाईंची मान ताठ झाली. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, दर्शनाला गेल्या की चार बायका गोळा व्हायच्या. "लेक लय धर्माची निगाली तुमची," म्हणायच्या. एक जण तर आपलं तान्हं मूल राजमतीच्या पायावर घालून गेली. राजमती बिचारी थरथरत उभी होती, आणि सगळ्यांना ते तेज वाटत होतं!

पुढं तिनं पाणी पिणंच सोडलं. घागरी भरलेल्या, आणि पोरीचे ओठ फुटून रक्त यायला लागलं. एका दुपारी ती विहिरीवर वाकली आणि भोवळ येऊन पुढं गेली. मोटेवरच्या गड्यानं दंड धरला म्हणून वाचली. त्या दिवशी आमच्या ह्यांनी आईला न विचारता गाडी जुंपली. परक्या डॉक्टरापुढं तरण्या पोरीला एकटी कशी न्यायची, म्हणून मी सोबत. मला तेव्हा चौथा महिना होता. गाडीच्या हिसक्यांनी मळमळत होतं, आणि मांडीवर राजमतीचं डोकं हलकं हलकं लागत होतं.

डॉक्टरांनी तिला पाण्याबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाले, "दिवसातला किती वेळ भीतीत जातो गं तुझा?"

राजमतीनं मान वर केली. तिला आजवर भूक विचारली होती, झोप विचारली होती, अंगावर काही उठलं का ते विचारलं होतं. भीती कुणी विचारली नव्हती.

"समदा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

तिला त्यांनी रडू दिलं. मग मला बाहेरून तांब्या आणायला लावला आणि आमची पाण्याची रीत आणि राजमतीचं पुन्हा पुन्हा बघणं-विचारणं माझ्याकडून नीट समजून घेतलं. "हे छान आहे," ते म्हणाले. "हे सोडायचं नाही. राजमती, तुमच्या रीतीत सांगितलंय तसंच कर. एकदा गाळ, एकदा जिवाणी सोड, आणि पी. मग भीती येईल, मोठी येईल. येऊ दे. फक्त पुन्हा बघायला जायचं नाही. ती आपणहून उतरते. आणि वहिनी, हिनं विचारल्यावर तुम्ही काय सांगता?"

"जीव मेला न्हाई, म्हनून सांगते."

"उद्यापासून सांगू नका. मला ठाऊक नाही, म्हणा. तुमच्या एका उत्तरानं तिला घटकाभर बरं वाटतं आणि पुढच्या घटकेला भीती दुप्पट होऊन येते."

मला हे अजिबात पटलं नाही. भ्यालेल्या पोरीला धीर द्यायचा नाही, हे कसलं औषध? पण आमच्या ह्यांनी मान डोलावली आणि आम्ही दर आठवड्याला जायला लागलो.

सोमण डॉक्टर मूळचे साताऱ्याचे. शिकले मुंबईला, आणि सांगलीत गावभागात एका माडीखाली दवाखाना थाटून बसले. लग्न केलं नव्हतं. ऐन वैशाखातही कोट काढायचे नाहीत. बारीक अंगाचे, उंच, आणि मान जरा पुढं काढून चालायचे. ताप-खोकला, गळू-खरूज सगळं बघायचे, पण वयात येणारी पोरं त्यांच्याकडं कुठून कुठून आणली जायची. शाळेत गेलं की ओकणारी, चारचौघांत बोबडी वळणारी, घराबाहेर पाऊल न टाकणारी. भगताचे अंगारे आणि गंडेदोरे करून थकलं की लोक इथं यायचे. गावात त्यांना घाबरट डॉक्टर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं.

"पूर्वी मी सगळ्यांना ब्रोमाईडचं मिक्श्चर द्यायचो," त्यांनी एकदा आमच्या ह्यांना सांगितलं. "पोरं पेंगायची. उठली की भीती तिथंच. मग सोडून दिलं."

आता त्यांचं औषध म्हणजे चालणं. पोरगं ज्याला भीत असेल तिकडं ते त्याला घेऊन चालायचे. शाळेला भिणारा असला तर पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत, मग चौकापर्यंत, मग शाळेच्या फाटकापर्यंत. दवाखान्यात लोक खोळंबून बसलेले, आणि डॉक्टर रस्त्यानं एका पोराबरोबर चाललेत, दोघांचेही चेहरे पांढरे. पोरगं थांबलं की ते म्हणायचे, "भीती गेल्यावर जाऊ म्हणशील तर इथंच म्हातारा होशील. भीत भीत चल. मीही भीत भीतच चाललोय."

आणि ते खरं होतं. पुलावर गर्दी असली तर ते पुलावर पाय ठेवायच्या आधी थांबून श्वास घ्यायचे. सभेत बोलायला त्यांना कुणी बोलवायचं नाही, कारण एकदा शाळेच्या बक्षीस समारंभात ते पाहुणे म्हणून उभे राहिले आणि तसेच खाली बसले होते. साताऱ्याला शाळेत असताना म्हणे त्यांना रोज वाटायचं की आज वर्गात आपण मरणार. आई शाळेच्या पायरीवर बसून राहायची, म्हणून हे आत बसायचे. "तिनं मला वर्षभर सांभाळलं," ते सांगायचे, "आणि वर्षभर मी जास्त जास्त भ्यालो. तिचा दोष नाही. आई दुसरं काय करणार?"

एकदा आमचा नंबर यायचा होता आणि आत पाटणकडचा एक हवालदार आपल्या मुलाला घेऊन बसला होता. रजेवर आलेला, मिशा पिळलेल्या. मधल्या पडद्यातून सगळं ऐकू येत होतं. हवालदार ओरडत होता, "आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत गेल्यात, डाक्टर! आन हे बेनं कोंबडं आरवलं तरी दचकतंय. भरतीला कसं न्यायचं ह्याला?"

डॉक्टर हळूच म्हणाले, "हवालदार, तिकडं आघाडीवर तुम्हाला भीती वाटली?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"लय," हवालदार म्हणाला. त्याचा आवाजच बदलला होता. "पाय गळायचं. पर सांगनार कुनाला?"

"ह्याला सांगा. मी बाहेर जातो."

आणि डॉक्टर खरंच पडदा सारून बाहेर आले आणि आमच्याबरोबर बाकावर बसून राहिले. पुढं त्या मुलाचं काय झालं मला माहीत नाही. पण तासाभरानं बाप-लेक बाहेर आले तेव्हा हवालदाराच्या खांद्यावरची पिशवी मुलाच्या खांद्यावर होती.

इकडं राजमतीचं मात्र पुढं सरकत नव्हतं. दवाखान्यात ती एकदा गाळून घोटभर प्यायची. घरी आली की सासूबाई होत्या. मी "मला ठाऊक न्हाई" म्हटलं की ती त्यांच्याकडं धावायची आणि त्या तिला पोटाशी धरून सांगायच्या, "न्हाई गं माजी बाय, एकबी जीव मेला न्हाई." पुन्हा घागर, पुन्हा विहीर. तिच्या मनगटाची हाडं दिसायला लागली. पोटातलं मूल फिरायला लागलं होतं, आणि मला वाटायचं, हे जन्माला येईल तेव्हा ही असेल का?

शेवटी डॉक्टर म्हणाले, "मीच येतो विहिरीवर."

सकाळी ते आले. सासूबाई बस्तीत पूजेला गेल्या होत्या. राजमतीनं पाणी शेंदलं, गाळलं, जिवाणी सोडली. डॉक्टर म्हणाले, "पी." ती प्यायली. तांब्या दातांवर वाजत होता. मग ती वळून विहिरीकडं निघाली आणि डॉक्टर मध्ये उभे राहिले.

"बस इथं. मीही बसतो."

आम्ही तिघं विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याशेजारी आंब्याखाली बसलो. राजमतीच्या अंगाला कापरं भरलं. ती हात चोळायला लागली, मग केस ओढायला लागली. "बघू द्या, एकडाव बघू द्या," म्हणून डॉक्टरांच्या पाया पडली. त्यांनी पाय मागं घेतले, पण ते हलले नाहीत. कपाळावरून घाम गळत होता. ती ओरडली, "माज्यामुळं जीव मेला तर पाप तुमाला लागंल!"

"लागू दे."

"मेला न्हाई, एवढं तरी सांगा की वो!"

"मला ठाऊक नाही, राजमती. कदाचित मेलाही असेल."

नेमक्या तेवढ्या वेळी सासूबाई पूजेचं ताट घेऊन बांधावर उभ्या होत्या. त्यांनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. आमच्या घरात, आमच्या विहिरीवर, एक परका माणूस पोरीला जीव मेला असेल म्हणून सांगतो! ताट माझ्या हातात देऊन त्या पुढं आल्या.

"उठा. चालते व्हा. पुन्यांदा ह्या शिवारात पाय टाकू नका."

डॉक्टर उठले. काहीतरी बोलायला गेले, पण सासूबाईंपुढं त्यांची जीभ उचलेना. त्यांनी राजमतीकडं बघितलं आणि निघून गेले. त्या गडबडीत एक गोष्ट फक्त मी पाहिली. राजमतीचं कापरं कमी झालं होतं. विहीर पाच पावलांवर होती, मध्ये उभं राहणारं कुणी नव्हतं, तरी ती जागची उठली नव्हती.

त्या दिवसापासून दवाखाना बंद. सासूबाईंनी मनाशी ठरवून टाकलं. शेजारच्या गावात आमचे मुनीमहाराज चातुर्मासाला उतरले होते. त्यांच्यापुढं राजमतीला नेऊन आजन्म ब्रह्मचर्याचं व्रत द्यायचं, पुढं आर्यिकांच्या, म्हणजे साध्वींच्या संघात सोडायचं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पोरीचं मन धर्मात आहे, तिथंच ती सुखी होईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आमच्या ह्यांनी वाद घातला, दोन दिवस जेवले नाहीत. पण आईपुढं त्यांचं काही चाललं नाही. मला एकच दिसत होतं. तिथं उपास, तिथं एक वेळचं पाणी, आणि तिथं तिची भीती कुणीच भीती म्हणणार नाही. चार-सहा महिन्यांत ती संपेल आणि लोक म्हणतील, केवढी पुण्यवान!

मी घरगड्याला सांगून डॉक्टरांना निरोप धाडला. काही होईल अशी आशा नव्हती. कुणाला तरी सांगावं, एवढंच.

व्रताच्या दिवशी मांडवात ही गर्दी. पुढं महाराज पाटावर बसलेले, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. राजमतीला पांढरं लुगडं नेसवून पुढं बसवलं होतं. सासूबाईंनी "नमोस्तु महाराज" म्हणून हात जोडले आणि लेकीची इच्छा सांगितली. महाराजांनी विचारलं, "कुणाचं काही म्हणणं आहे?" ही आपली विचारायची रीत. कुणी काही म्हणत नसतं.

मांडवाच्या शेवटच्या खांबाजवळ सोमण डॉक्टर उभे राहिले.

एवढे लोक एकदम मागं वळले. कोट घातलेला, अनवाणी, एकटा माणूस. त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. पुन्हा उघडलं. ओठ हलत होते, गळ्याची शीर ताठ झाली होती, आणि शब्द नाही. पोरं फिदीफिदी हसली. कुणीतरी म्हणालं, "बसा की वो डाक्टर." माझी मान खाली गेली. मला वाटलं, आता बसतील, बक्षीस समारंभात बसले तसे. पण ते बसले नाहीत. खांबाला धरून, थरथरत, तसेच उभे राहिले.

राजमती त्यांच्याकडं बघत होती.

महाराजांनी थोडी वाट पाहिली आणि मग राजमतीला विचारलं, "बाळ, व्रत का घेतेस?"

तिला सासूबाईंनी उत्तर शिकवून ठेवलं होतं. ते ती बोलली नाही.

"भ्या वाटतं म्हनून," ती म्हणाली. "पानी पिताना भ्या वाटतं, न पिता भ्या वाटतं. जिवाची दया न्हाई येत मला, महाराज. मला निस्तं भ्या वाटतं."

महाराज सासूबाईंकडं वळले. फार कमी बोलणारे होते ते. म्हणाले, "बाई, मनात सल असलेल्या माणसाला व्रत देता येत नाही, असं शास्त्रच आहे. आधी हिचा सल काढा." आणि खांबाकडं हात करून म्हणाले, "ते ह्यांचं काम दिसतंय."

सासूबाई उठल्या. सगळ्या गर्दीतून चालत डॉक्टरांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. रडून त्यांचे डोळे सुजले होते, पण आवाज नेहमीसारखाच हुकमी होता.

"उद्या या. मला काय करायचं त्येबी सांगा."

डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

पुढचं मी ऐकलेलं. दुसऱ्याच दिवशी मला बाळंतपणासाठी माहेरी नेलं. माझ्यामागं डॉक्टर दिवाळीपर्यंत आमच्या विहिरीवर येत राहिले, आणि "मला ठाऊक न्हाई" म्हणायचं काम सासूबाईंनी केलं. तोंडावर पदर दाबून केलं म्हणे, पण केलं. राजमती पाणी प्यायला लागली, अंगानं भरली, पुढं लग्न होऊन जयसिंगपूरला गेली. पुरती बरी झाली असं म्हणणार नाही. अजून कधी कधी तिचे हात चोळले जातात. मी मूल घेऊन परतले तोवर डॉक्टर दवाखाना बंद करून म्हाताऱ्या आईपाशी साताऱ्याला गेले होते. पुन्हा माझी त्यांची गाठ पडली नाही.

म्हणून सोमण डॉक्टर म्हटलं की मला दिसतात ते व्रताच्या दिवशी परत येतानाचे. आमची गाडी मांडवातून निघाली. ऊन कलतं होतं. गावाबाहेर सांगलीच्या रस्त्याला लागलो, तर कडेच्या बाभळीखाली डॉक्टर खाली बसलेले. गुडघ्यात डोकं, दोन्ही हातांनी पाय आवळून धरलेले, आणि सगळं अंग हलतंय. मांडवात दाबून धरलेलं सगळं तिथं एकदम वर आलं असावं. आमच्या ह्यांनी कासरा ओढला आणि खाली उडी टाकायला निघाले. सासूबाईंनी तांब्या उचलला.

"जाऊ नका, दादा," राजमती म्हणाली.

ह्यांचा एक पाय चाकावर तसाच राहिला.

"कुनी काय बोलू नका त्यांच्याशी. उतरंल त्येचं त्ये. गाडी जरा म्होरं नेऊन हुबी करा. उठलं की घिऊ त्यास्नी."

ह्यांनी गाडी पुढं नेली आणि उभी केली. बैल कान हलवत उभे राहिले. राजमती मागच्या फळीवर पाय सोडून, डॉक्टरांकडं तोंड करून बसली आणि तिनं त्यांना सावकाश थरथरू दिलं.